पाहुणा, राखण आणि हजेरी

आमच्या शाळेत एकही वस्तू नुसती वस्तू नाही. घंटा कोणाच्या तरी आजोबांच्या स्मरणार्थ आहे, पाण्याची टाकी कोणाच्या तरी चुलत्यांच्या, आणि बाकांच्या पाठीवर तर अर्ध्या गावाचे पूर्वज ओळीनं बसलेले आहेत. भाजे गावातल्या आणि आसपासच्या वाड्यांतल्या माणसांनी ही शाळा अशी थोडी थोडी करून उभी केली आणि जे दिलं त्यावर पेंटरकडून पांढऱ्या अक्षरांत नाव घालून घेतलं. मी नवीन होते तेव्हा मला याचं हसू यायचं. आता येत नाही. नववीतला पंखा ज्या बाईंच्या स्मरणार्थ आहे त्यांच्या दोन नातवंडांना मी शिकवलंय, आणि मार्च-एप्रिलमध्ये त्या बाईंना मी मनापासून दुवा देते.

राग होता तो फक्त कपाटावर. नववीच्या वर्गात मागच्या बाजूला उत्तरेच्या खिडकीसमोर एक दणकट लोखंडी कपाट उभं होतं. खिडकी पूर्ण झाकलेली. हे कपाट शाळा समितीच्या अध्यक्षांनी आपल्या आईच्या स्मरणार्थ दिलेलं. अध्यक्षांना सगळे आबा म्हणतात. गावात त्यांची भातशेती आहे, घरामागे पाहुण्यांना द्यायच्या दोन खोल्या आहेत, आणि आईच्या श्राद्धाच्या दिवशी ते न चुकता शाळेत येऊन कपाटाला झेंडूचा हार घालतात. ज्या दिवशी कपाट आलं त्या दिवशी ते जिथं ठेवलं गेलं, तिथंच ते राहिलं. हलवा म्हणायची छाती कोणाची?

मी लोणावळ्याची. वडिलांचं बाजारात चष्म्याचं दुकान आहे. शनिवार-रविवार तिथं पर्यटकांना गॉगल विकले जातात आणि बाकीचे पाच दिवस गावकऱ्यांना चष्मे. मी रोज लोकलनं एकच स्टेशन जाऊन मळवलीला उतरते आणि चालत शाळेत येते. शिकवते विज्ञान. स्वभाव तापट आहे. आमच्या घरी म्हणतात, हिच्या नाकावर माशी बसायची नाही, कारण तिथं आधीच राग बसलेला असतो. हे खरं आहे, पण राग लवकर येतो तसा लवकर उतरतोही, हे मात्र घरातलं कोणी सांगत नाही.

तर गेल्या वर्षी नववीत एक मुलगी होती. वर्गातली सगळ्यांत उंच. आमच्याकडे उंचीप्रमाणे बसवतात, म्हणून तिला मागच्या कोपऱ्यातला, कपाटाशेजारचा बाक. तोंडी विचारा, ही पहिली हात वर करणार. न्यूटनचा तिसरा नियम तिनं मला पवनेच्या धरणावरच्या होडीचं उदाहरण देऊन समजावला होता. आणि वही बघा, तर कपाळावर हात मारून घ्यावा. फळ्यावरचे तीन तिच्या वहीत आठ व्हायचे, वजाचं चिन्ह गायब व्हायचं, आणि रासायनिक समीकरणांत असले काही अणू जन्माला यायचे की ते निसर्गात शोधून सापडले नसते. गणिताचे सर म्हणायचे, पोरीचं लक्ष नसतं. मी तिला एकदा पहिल्या बाकावर आणून बसवलं. लगेच मागच्या तिघीचौघी ओरडायला लागल्या, "मॅडम, हिच्यामुळं फळाच दिसत न्हाई!" शिवाय तिच्या कोपऱ्यात दुसरी कोणीतरी जाऊन बसली आणि आठवड्याभरात त्या दुसरीची वहीही तशीच दिसायला लागली. हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं, पण आलं ते पुढं.

सहामाहीच्या आधी ती मुलगी मला व्हरांड्यात गाठून म्हणाली, "मॅडम, मी दहावीला न्हाई येणार."

"का गं? काय झालं?"

"आईसंगट गाडीवर बसते. मला शाळा जमत न्हाई. तोंडानं येतं सगळं, लिवलं की चुकतंच. डोकंच न्हाई मला."

तिची आई एरवी शेतावर रोजानं जायची आणि सुट्टीच्या दिवशी लेण्यांच्या पायऱ्यांशी हातगाडीवर मक्याची कणसं भाजून विकायची. चांगली कष्टाळू बाई. गाडीवर बसणं काही वाईट नव्हतं. वाईट होतं ते डोकं नाही म्हणणं. मला इतकं वाईट वाटलं की मी तिच्यावरच ओरडले, "डोकं आहे की नाही ते मी ठरवीन!" आणि दोन दिवसांनी संध्याकाळी मायलेकींना घेऊन वडिलांच्या दुकानात गेले. मला वाटलं होतं, नंबर निघेल, चष्मा लागेल, प्रश्न मिटेल.

वडिलांची एक जुनी खोड आहे. गिऱ्हाईक आलं की डोळे तपासायच्या आधी ते विचारतात, घरी वाचायला कुठं बसता आणि तिथं बल्ब कसला आहे. कित्येक लोकांना त्यांनी चष्म्याऐवजी बल्ब बदलायला लावून परत पाठवलंय. आई म्हणते, या माणसानं दुकान टाकलंय की मोफत सल्ला केंद्र! त्यांनी मुलीला खुर्चीवर बसवलं, तक्ता दाखवला. ती वरपासून खालपर्यंत घडाघडा वाचत गेली आणि शेवटच्या ओळीखाली छापणाऱ्याचा पत्ता होता, तोही तिनं वाचला.

वडील माझ्याकडे वळून म्हणाले, "पोरीचे डोळे ठणठणीत आहेत. तुझ्या वर्गाचे तपास."

"मंग चष्मा न्हाई लागत?" मुलीच्या आईनं विचारलं. दुखणं नाही म्हटल्यावर माणूस खूश होतो, ही बाई खट्टू झाली. चष्म्यानं काम झालं असतं तर बरं, असं तिलाही वाटत होतं. आता दोष नेमका कशाला द्यायचा? मुलगी मान खाली घालून दुकानातल्या गॉगलांकडे बघत बसली होती. डोळे चांगले, म्हणजे डोकंच वाईट, असा हिशोब तिनं मनात करून टाकला होता, तो तिच्या तोंडावर दिसत होता.

मी दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांकडे गेले. म्हटलं, "सर, नववीतलं कपाट हलवायला पाहिजे. खिडकी बंद झालीय." सर भला माणूस आहे, पण वाद दिसला की त्यांना तहान लागते. त्यांनी पाण्याचा पेला रिकामा केला आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही अजून काहीही हलवा. ट्यूब आहे ना तिथं?" ट्यूब होती. पण आमच्याकडे लाइट पाहुण्यासारखी येते-जाते, आणि दुपारी तर हमखास जाते. सर म्हणाले, "आणि अंधार आहे हे कशावरून? मला तर दिसतं सगळं. पुरावा पाहिजे." हे ते मला टाळायला म्हणाले. मी मात्र ते मनावर घेतलं.

पुरावा मोजायचं यंत्र शाळेत होतं. तळेगावच्या एका कंपनीनं पावसाळ्यात आम्हाला एक डेटा लॉगर दिला होता. तळहातापेक्षा जरा मोठी निळी पेटी, तिला वायरीनं सेन्सर जोडायचा. तापमानाचा वेगळा, आवाजाचा वेगळा, उजेडाचा वेगळा. पेटी ती मोजमापं साठवून ठेवते आणि पडद्यावर त्यांचा आलेख काढते. इतकी महागाची वस्तू चोरीला जाऊ नये म्हणून सरांनी ती कुलपात ठेवली होती, आणि कुलूप होतं त्याच कपाटाला. बाहेर आली ती एकदाच, खंडेनवमीला. त्या दिवशी आमच्याकडच्या शिपाई मावशी शाळेतली सगळी हत्यारं-अवजारं मांडून त्यांची पूजा करतात. सूक्ष्मदर्शक, तराजू, बागेतलं खुरपं, घंटेचा हातोडा, आणि त्या वर्षी लॉगर. प्रत्येकाला हळदकुंकू, एकेक झेंडूचं फूल. दुसऱ्या दिवशी मावशी मला आपट्याचं सोनं आठवणीनं देतात, ईदला माझ्या डब्यातला शीरखुर्मा हक्कानं मागून घेतात.

दिवाळीची सुट्टी संपली आणि आम्ही नववीच्या वर्गात लॉगर काढला. पेटीवर कुंकवाचं बोट होतं, ते तसंच राहू दिलं. उजेडाच्या सेन्सरला समोर पांढरी गोल टिकली होती आणि तिच्या मध्यावर लालसर ठिपका. टीव्हीच्या रिमोटला पुढं लालसर काच असते ना, तसलंच काहीतरी असेल म्हणून मी मुलांना तो दाखवला आणि "हा याचा डोळा" असं ठोकून दिलं.

सुरू केलं की लॉगर आधी विचारतो, कसं मोजू? त्याचे तीन मोड होते. पडद्यावर त्यांची नावं इंग्रजीत, आणि पोरांनी त्यांना आठवड्याभरात गावातली नावं दिली.

पहिला मोड एकदाच मोजायचा. बटण दाबलं, आकडा आला, काम संपलं. सरांना बोलावलं तेव्हा दुपारची जेवणाची सुट्टी होती. दारातून ऊन थेट वर्गात आलं होतं. सरांनी कोपऱ्यातल्या बाकावर आकडा बघितला, वडिलांनी मला दिलेल्या तक्त्याशी ताडून पाहिला. लिहिण्यावाचण्याला इतका उजेड लागतो, असं त्या तक्त्यात होतं. आकडा थोडासाच कमी भरला. "अहो, चालतंय की," म्हणून सर डबा खायला निघून गेले. मागून एक पोरगा म्हणाला, "सर पाव्हण्यावाणी आलं आन् गेलं." त्या दिवसापासून त्या मोडचं नाव पाहुणा. भाज्यात पाहुणा म्हणजे काय ते शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. शनिवारी दुपारी येतो, फोटो काढतो, "किती शांत आहे इथं" म्हणतो, आणि आठवडाभर इथं काय काय होतं याची त्याला गंधवार्ताही नसते.

दुसरा मोड ठरावीक वेळानं आपोआप मोजत राहणारा. पेटी ठेवून द्यायची, ती दिवसभर बघत राहते. भात पोटरीला आलं की रानडुकरांसाठी शेतात बांधलेल्या माळ्यावर बसून राखण करतात, तसं. म्हणून तो राखण. पहिल्या दिवशी आम्ही त्याला सेकंदासेकंदाला मोजायला लावलं आणि त्याची वही मधल्या सुट्टीच्या आतच भरून गेली. "राखणदार जेवायच्या आधीच झोपला," पोरं म्हणाली. मग मिनिटाला एकदा मोजायला सांगितलं तेव्हा तो शाळा सुटेपर्यंत टिकला.

तिसरा मोड मला सगळ्यांत आवडला. त्यात आपण बटण दाबू तेव्हाच तो मोजतो आणि शेजारी काय लिहायचं ते विचारतो. आम्ही बाकाचा क्रमांक लिहायचो. एकेका बाकापाशी जायचं, बटण दाबायचं, पुढच्याकडे जायचं. हा अर्थातच हजेरी.

लॉगर हाताळायचं काम मी त्या उंच मुलीला दिलं. पडद्यावरची बारीक अक्षरं ती सगळ्यांत भराभर वाचायची, आणि तिथं तिचे तीन कधी आठ झाले नाहीत. आठवडाभर आम्ही राखण केली, शेवटच्या तासाला हजेरी घेतली. निकाल बघून मी हरखून गेले. कोपरा तर काळोखात होताच, पण पुढचे बाकसुद्धा तक्त्यातल्या आकड्याच्या खाली. अख्खा वर्ग नापास! मी तो आलेख सरांच्या टेबलावर नेऊन ठेवला आणि म्हटलं, आता आबांना फोन करा. सरांनी दोन पेले पाणी प्यायलं आणि फोन केला. आबा म्हणाले, परवा दुपारी येतो.

आबा यायच्या आदल्या दिवशी त्या मुलीनं सेन्सर हातात घेतला. तिच्या हाताला घाम होता. अंगठा टिकलीवरून फिरला आणि लाल झाला. तिनं तो नाकाशी नेला, माझ्याकडे बघितलं.

"मॅडम, ह्यो डोळा न्हाई. हे कुंकू हाय."

मी सेन्सर हिसकावूनच घेतला. टिकलीवर खरंच कुंकू होतं, थोड्या हळदीत कालवलेलं, दीड महिन्यात वाळून घट्ट बसलेलं. जन्म कुंकवाच्या शेजारी गेलाय माझा, आणि मी पोरांना त्याला काच म्हणून शिकवलं होतं! आठवडाभर आमचा राखणदार डोळ्यावर बोट ठेवून बसला होता. सगळी मोजमापं खोटी. वर्ग आहे त्यापेक्षा काळोखा दिसत होता.

वर्गात गलका झाला. एकजण म्हणाला, "असू द्या की मॅडम. आबास्नी कोण सांगतंय? जास्त अंधार दिसला तर आपलंच काम हुईल." खरं सांगते, क्षणभर मलाही ते पटलं. आलेख झक्कास होता. कपाट त्याच्या जोरावर सहज हललं असतं.

ती मुलगी मात्र बाकाला धरून उभी होती. म्हणाली, "न्हाई मॅडम. परत मोजायचं. मला कळाया पायजे, उजेड कमी हाय का मीच कमी हाय."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की हा सगळा आठवडा ती काय मोजत होती. पुसलेल्या सेन्सरनं जर तिच्या बाकावर पुरेसा उजेड दाखवला असता, तर ती त्याच संध्याकाळी आईला सांगणार होती की मी गाडीवर येते. मी सेन्सर ओल्या रुमालानं पुसला, कोरडा केला, आणि तिच्याच हातात दिला. शेवटच्या तासापर्यंत आम्ही थांबलो. वर्गाचं दार दक्षिणेला. हिवाळ्यात त्या वेळी सूर्य डोंगरामागं जातो आणि त्याची सावली मैदान ओलांडून दारापर्यंत येते.

तिनं हजेरी लावली. पहिला बाक, पुरेसा. दुसरा, पुरेसा. ती एकेक आकडा मोठ्यानं वाचत गेली आणि प्रत्येक बाक पास होत गेला. मधली रांग पास. मागची रांगही, काठावर का होईना, पास. तिचा आवाज बारीक होत चालला होता. मी भिंतीला टेकून मनातल्या मनात अल्लाचं नाव घेत होते. ती कोपऱ्यात गेली, सेन्सर आपल्या बाकावर ठेवला, बटण दाबलं.

मग पडद्यावर वाकली. मी विचारलं, "काय आहे?"

"नापास," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा असा फुलला की विचारू नका. "मॅडम, लय नापास! पार नापास!" पोरांनी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या वर्गातून गणिताचे सर बघायला आले की नापास झाल्याच्या टाळ्या कशाला. सगळ्या वर्गात फक्त एक बाक अंधारात होता आणि त्याला कारण होतं ते कपाट.

मावशींना सांगणं राहिलं होतं. मला अवघड वाटत होतं. कुंकू लावू नका असं मी म्हटलं तर त्यांना वेगळंच काही वाटेल, अशी भीती. शेवटी मी चाचरत सांगितलं. मावशी कमरेवर हात ठेवून हसायलाच लागल्या. "अवं मॅडम, तवाच सांगायचं की! मला काय ठावं त्यो डोळा हाय म्हणून. मला वाटलं कपाळ हाय. डोळ्यात कुंकू देवबी घालून घेत न्हाई." आणि सेन्सर उलटा करून त्यांनी पाठ नीट बघून ठेवली, पुढच्या वर्षीसाठी.

दुसऱ्या दिवशी आबा आले ते भर दुपारी. पांढरी टोपी, हातात काठी, चालीत दबदबा. वर्गाच्या दारात उभे राहिले. मागून ऊन वर्गात शिरलेलं. त्यांनी कपाटाकडे बघून हात जोडले आणि म्हणाले, "लख्ख उजेड हाय की हितं! कुटं हाय अंधार?"

"तेच म्हणतोय मी," सर म्हणाले.

मी आलेख पुढं केला. आबांनी तो दूर धरून पाहिला. "ह्या रेघोट्या मला न्हाई कळत, बाई." माझ्या नाकावरचा राग उठून उभा राहिला. मी तोंड उघडणार एवढ्यात ती मुलगी कोपऱ्यातून म्हणाली, "आबा, तुमच्या भाताला डुक्कर कवा येतंय?"

"आता? डुक्कर काय दुपारचं येतंय व्हय? दिस बुडल्यावर."

"मंग तुमी राखणीला दुपारचं जाता का?"

सर पेला शोधायला लागले. आबांनी मुलीकडे बघितलं, मग मिशीतल्या मिशीत हसले. "लय शानी हायस. कुणाची गं तू?" तिनं आईचं नाव सांगितलं. आबा म्हणाले, "बरं. राखण करायची तर माळ्यावर बसूनच केली पायजे." आणि काठी टेकत मागं जाऊन तिच्या बाकावर, तिच्या शेजारी बसले.

असे ते दुपारभर बसले. गणिताचा तास झाला, माझा झाला. आबा एकदा पेंगले, एकदा बाहेर जाऊन पान खाऊन आले. लाइट नेहमीप्रमाणे गेली. डोंगराची सावली मैदानावरून सरकत दाराशी आली आणि वर्गातला उजेड ओसरत गेला. आबांनी वर ट्यूबकडे बघितलं, दाराकडे बघितलं. मुलीनं लॉगर त्यांच्या हातात दिला. "आबा, आता तुमीच हजेरी घ्या. ह्ये बटण."

आबांनी सेन्सर विजेरी धरावी तसा धरला आणि पहिल्या बाकापासून निघाले. "बाक पयला!" पोरं आकडा वाचून ओरडली, "हजर!" आबांना मजा वाटायला लागली. ते प्रत्येक बाकापाशी थांबत, बटण दाबत, हजर ऐकत मागं आले. कोपऱ्यातल्या बाकावर बटण दाबलं आणि आकडा ऐकून पुन्हा दाबलं. पुन्हा तोच. मी फळ्यावर एक समीकरण लिहिलं. आबा मुलीला म्हणाले, "माझं डोळं म्हातारं झाल्यात. तू वाच बरं." तिनं वाचलं. एक वजा आणि एक तीन चुकले. "बाई, बरुबर हाय का?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली, नाही.

आबा वळून कपाटाकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, "आमची आय दिस मावळायच्या आधी कंदिलाची काच पुसून ठिवायची. अंधारात कुणाला ताट वाढलं न्हाई तिनं. आन् मी तिला हितं खिडकीम्होरं हुबी केली." त्यांनी काठी बाकाला टेकवली. "चला रं. हात लावा."

हजेरी संपली की लॉगर परत राखणीला लावायचा, ही आमची शिस्त. त्या मुलीनं गडबडीतही तो मोड बदलला, सेन्सर आपल्या बाकावर ठेवला आणि मग कपाटाला खांदा दिला. कपाट किंचाळत बाजूला सरकलं. मागं निघाला कुठल्या तरी जुन्या बॅचचा डस्टर, खडूंचे तुकडे, एक टेनिसचा चेंडू आणि चिमणीचं रिकामं घरटं. खिडकीची कडी गंजली होती. आबांनी वहाण काढून तिच्यावर दोन टोले घातले. झडपा उघडल्या आणि बाहेरच्या भातखाचरांवरचा सगळा उजेड आत आला. पोरं ओरडली. माझे डोळे भरून आले, आणि ते लपवायला मी उगाच पोरांवर खेकसले की घरट्याला हात लावू नका. त्या दिवसाचा आलेख प्रयोगशाळेच्या दारावर लावलाय. दुपारनंतर रेघ उतरत उतरत तळाशी जाते आणि मग एकदम सरळ वर.

कपाट आता व्हरांड्यात आहे, आपल्या नावासकट. पण आबांना ते पुरेना. त्यांनी सोमाटण्याहून पेंटर बोलावला. आता त्या खिडकीच्या वर पांढऱ्या अक्षरांत लिहिलंय की ही खिडकी त्यांच्या मातोश्रींच्या स्मरणार्थ उघडण्यात आली. झेंडूचा हार यंदा खिडकीच्या गजांना घातला. सगळ्या शाळेत ही एकच वस्तू अशी आहे, जी कोणी विकत आणून दिलेली नाही.

त्या मुलीच्या चुका थांबल्या का? नाही. पण आता तिच्या वहीत ज्या चुका होत्या त्या तिच्या स्वतःच्या होत्या, आणि त्यांवर मला मनसोक्त ओरडता येत होतं. वार्षिक परीक्षेनंतर ती सुट्टीत आईबरोबर गाडीवर बसली. एकदोनदा मी तिथून गेले तेव्हा तिनं मला लिंबू-मीठ लावून कणीस दिलं. दहावीचं काय, हे मी विचारलं नाही. विचारायची भीती वाटली.

जूनमध्ये शाळा उघडली. पहिल्या दिवशी मी प्रयोगशाळेतली धूळ झटकत होते, तेवढ्यात दारात कोणी उभं राहिलं. ती आणखी उंच झाली होती.

"मॅडम, लॉगर द्या. दहावीच्या वर्गात मला परत मागचाच बाक दिलाय."

मी पेटी काढून तिच्या हातात दिली. मी रागावल्यासारखं विचारलं, "कोणता मोड लावणार आहेस? पाहुणा?"

"न्हाई मॅडम," ती म्हणाली. तिनं सेन्सरची टिकली ओढणीनं पुसून घेतली. "राखण. वर्सभर हितंच हाय मी."